कॅनडाच्या पीआरची फाइल: स्वतः टाकावी की सल्लागार नेमावा?

कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचे ठरले की घरात आणि ऑफिसात पहिला प्रश्न येतो तो ‘एजंट कोणता केलास?’ असा, जणू एजंट ही अर्जाची पहिली पायरीच आहे. कॅनडाच्या स्थलांतर, निर्वासित आणि नागरिकत्व खात्याच्या लेखी मात्र प्रतिनिधी नेमणे पूर्णपणे ऐच्छिक आहे. अर्ज आणि मार्गदर्शिका खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि प्रतिनिधीमार्फत आलेल्या फाइलला वेगळी वागणूक मिळत नाही, हे खाते स्वतःच सांगते. मी आणि नवऱ्याने आमची फाइल स्वतः टाकली. त्याआधी पुण्यातल्या दोन कार्यालयांत जाऊन बसलो होतो. ही तुलना त्या अनुभवावर आणि नियमांच्या वाचनावर बेतलेली असून ती एक्सप्रेस एंट्री या मार्गापुरतीच आहे. २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या या पद्धतीत आधी प्रोफाइल भरायची, गुणांनुसार रांगेत थांबायचे आणि निमंत्रण आले की ६० दिवसांत पूर्ण अर्ज सादर करायचा, असा क्रम असतो.

वरवर पाहता पर्याय दोन दिसतात, प्रत्यक्षात ते तीन आहेत: स्वतः अर्ज करणे, परवानाधारक सल्लागार किंवा वकील नेमणे, आणि बिनपरवाना एजंटकडे फाइल सोपवणे. आपल्याकडच्या चर्चेत दुसरा आणि तिसरा पर्याय एकाच नावाखाली येतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कॅनडाच्या स्थलांतर व निर्वासित संरक्षण कायद्याच्या कलम ९१ नुसार, मोबदला घेऊन अशा अर्जाबाबत सल्ला देण्याचा किंवा प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार मोजक्यांनाच आहे. तिथल्या एखाद्या प्रांताच्या विधी संस्थेचे सदस्य असलेले वकील, क्यूबेकचे नोटरी आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या नियामक संस्थेचे परवानाधारक सल्लागार हे त्यांतले प्रमुख. ही संस्था २०२१ च्या नोव्हेंबरपासून काम पाहते आणि तिच्या सदस्यांची नोंदवही कुणालाही ऑनलाइन पाहता येते. कॅनडात राहणारा मावसभाऊ पैसे न घेता मदत करत असेल तर त्याला परवाना लागत नाही. कार्यालय पुण्यात आहे आणि पैसे रुपयांत घेतले जातात, म्हणून कलम ९१ आपल्याला लागू नाही, असे मात्र कुणी समजू नये. भिंतीवर टांगलेले परदेशी नोकरभरतीचे नोंदणीपत्रही इथे कामाचे नाही, कारण १९८३ च्या भारतीय उत्प्रवास कायद्याखालची ती नोंदणी परदेशी नोकऱ्यांसाठी माणसे पाठवणाऱ्यांची असते आणि कॅनडाच्या पीआरविषयी सल्ला देण्याशी तिचा संबंध नसतो.

तुलनेतला पहिला मुद्दा गुणांचा घेऊ, कारण एजंटच्या कार्यालयात सर्वांत जास्त आशा त्याच विषयावर विकली जाते. एकूण १२०० गुणांच्या या मोजणीत वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांचे कोष्टक जाहीर आहे, आणि ते कुणीही भरले तरी बेरीज तीच येते. एकट्या अर्जदाराला २९ व्या वर्षापर्यंत वयाचे ११० गुण मिळतात. ३४ व्या वर्षी ते ८३ असतात आणि ३५ वा वाढदिवस उलटला की ७७ होतात. आयेल्ट्सच्या जनरल परीक्षेत श्रवणात ८ आणि वाचन, लेखन व संभाषणात प्रत्येकी ७ मिळाले की भाषेची ती पातळी गाठली जाते जिथे शिक्षण आणि अनुभवाचे जोडगुणही, म्हणजे चांगल्या भाषेच्या जोडीने मिळणारे जादा गुण, वाढतात. एका विषयात अर्धा बँड कमी पडला तरी त्या जोडगुणांचा मोठा भाग हातचा जातो. यात कुठलाही सल्लागार, परवानाधारक असो वा नसो, एका गुणाची भर घालू शकत नाही. नोकरीच्या प्रस्तावाचे जादा गुणही २०२५ च्या मार्चमध्ये रद्द झाले, त्यामुळे ‘आम्ही जॉब ऑफर मिळवून देऊ, गुण वाढतील’ या जुन्या आमिषाला आता नियमांत आधारच उरलेला नाही.

चांगला सल्लागार इथे एवढेच करू शकतो की आपला मार्ग कुठे अडेल हे वेळेवर सांगेल. कॅनडात आधीच काम केलेल्यांच्या वर्गासाठी २०२५ मध्ये झालेल्या सोडतींत, म्हणजे रांगेतल्या वरच्या गुणांच्या लोकांना निमंत्रणे देण्याच्या फेऱ्यांत, ५०० च्या वर गुण लागले. त्याच वर्षी २१ मार्चला फ्रेंच येणाऱ्यांसाठीची सोडत ३७९ वर थांबली. ४४० गुणांच्या माणसाला ‘प्रोफाइल टाकून ठेवा, सोडती खाली येतील’ असे सांगून पहिला हप्ता घेणारा आणि ‘दीड वर्ष फ्रेंच शिका किंवा एखाद्या प्रांताचे नामांकन मिळते का ते पाहा, त्याचे ६०० गुण असतात’ असे सांगणारा, यांच्यातला फरक पहिल्या भेटीतच कळतो. माझे स्पष्ट मत असे, की गुण कमी असतील तर एजंटचे पैसे आलियाँस फ्राँसेझच्या फ्रेंचच्या वर्गात घालणे जास्त शहाणपणाचे आहे.

सल्लागाराची खरी कसोटी कागदपत्रांत लागते आणि तिथे स्वतः अर्ज करणाऱ्याचीही दमछाक होते. आमच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळ अनुभवपत्राने खाल्ला. कॅनडाला कंपनीच्या लेटरहेडवर पद, कालावधी, आठवड्याचे तास, पगार आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष कामाचे स्वरूप लिहिलेले पत्र हवे असते. आपल्याकडच्या कंपन्यांचा मनुष्यबळ विभाग देतो ते रिलीव्हिंग लेटर तीन ओळींचे असते आणि त्यात कामाचा उल्लेखही नसतो. ‘आमच्या फॉरमॅटमध्ये तसे बसत नाही’ हे वाक्य मी एका जुन्या कंपनीकडून चार ईमेलांत चार वेळा वाचले. शेवटी तिथल्या माजी मॅनेजरने साध्या कागदावर सही करून दिलेले तपशीलवार पत्र, त्याचे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र, नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि कंपनीने नकार दिल्याचा तो ईमेल, असा गठ्ठा एका खुलासापत्रासह जोडला. हा मार्ग मला खात्याच्याच सूचनांमधून सापडला. एका कार्यालयाने मात्र याच अडचणीवर तयार नमुना पुढे केला होता, ज्यात कॅनडाच्या व्यवसाय वर्गीकरणातली कामांची यादी शब्दशः उतरवलेली होती. ती यादी अधिकारी रोज वाचतात, आणि दहा अर्जदारांच्या पत्रांत एकच मजकूर सापडला तर त्यांना शंका येणारच.

त्याच वर्गीकरणाची दुसरी गोम अशी की तिथे पदनामाला नव्हे, प्रत्यक्ष कामाला महत्त्व असते. हिंजवडीतल्या कंपन्यांत टेस्टिंग करणाऱ्यापासून डिझाइन करणाऱ्यापर्यंत सगळेच ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ असतात. कॅनडाच्या यादीत मात्र सॉफ्टवेअर अभियंता व डिझायनर यांचा संकेतांक २१२३१, डेव्हलपर व प्रोग्रॅमर यांचा २१२३२ आणि माहिती प्रणालींची चाचणी करणाऱ्यांचा २२२२२ असा वेगळा आहे. व्हिजिटिंग कार्ड पाहून संकेतांक भरणारा कारकून इथे चूक करतो. त्यापेक्षा ज्याने ते काम पाच वर्षे केले आहे त्याने संध्याकाळ घालवून तिन्ही वर्णने वाचली, तर योग्य संकेतांक त्यालाच जास्त अचूक सापडतो. सरळसोट नोकरीत स्वतः अर्ज करणारा सल्लागारापेक्षा उजवा ठरतो असे मी म्हणते ते यासाठीच. मात्र अर्धा काळ कंपनीत, अर्धा फ्रीलान्स आणि मधली दोन वर्षे घरच्या धंद्यात, अशी कारकीर्द असेल तर कोणता अनुभव मोजला जाईल हे ठरवायला जाणकार डोळे हवेत.

नावांचा प्रश्न तर खास आपला. माझ्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव आणि त्याखाली आईचे नाव. पासपोर्टवर लग्नानंतरचे आडनाव आणि मधे नवऱ्याचे नाव. एका जुन्या बँक खात्यावर माहेरचे नाव तसेच राहिलेले. परदेशात पदवीचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला आणि कॅनडाच्या खात्याला या तिन्ही बायका एकच आहेत हे विवाह प्रमाणपत्र, राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र यांच्या आधारे दाखवावे लागते, आणि अर्जात ‘याआधी दुसरे नाव वापरले आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर देऊन ती नावे लिहावी लागतात. मराठी अर्जदारांच्या फाइली नेहमी हाताळणारा सल्लागार ही गोष्ट न विचारता सांगतो, हे मान्य करायला हवे. मला ती मूल्यांकनासाठी पाठवलेले कागद अडकून पडले तेव्हा कळली, आणि त्यात पाच आठवडे गेले.

विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट काढणे, पोलीस पडताळणी प्रमाणपत्रासाठी पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घेणे, सहा महिन्यांहून अधिक सलग राहिलेल्या इतर देशांची अशीच प्रमाणपत्रे मागवणे, ही निव्वळ पळापळ आहे. परगावी किंवा परदेशात नोकरी असेल तर ती दुसऱ्याकडून करून घेण्यात काही गैर नाही. पण तेवढ्यासाठी अख्खी फाइल सोपवावी लागत नाही.

खर्चाची तुलना करताना एक गोष्ट आधी बाजूला काढावी: सरकारी शुल्क दोन्ही वाटांनी सारखेच असते. २०२४ च्या एप्रिलअखेर लागू झालेल्या दरांनुसार मुख्य अर्जदाराचे १,५२५ कॅनेडियन डॉलर, जोडीदाराचे तेवढेच, मुलाचे २६० आणि कुटुंबाच्या बोटांच्या ठशांचे १७० असे धरले, तर नवरा, बायको आणि एक मूल यांचे ३,४८० डॉलर होतात. हे दर दोन-दोन वर्षांनी वाढत आले आहेत, म्हणून भरण्याआधी चालू दर पाहून घ्यावा. भाषा परीक्षा, पदवी मूल्यांकन आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्चही टळत नाही. बँकेत दाखवायची रक्कम वेगळी. २०२५ च्या जुलैपासून ती एका माणसासाठी १५,२६३ डॉलर होती, आणि गावच्या जमिनीची किंवा फ्लॅटची किंमत त्यात धरता येत नाही. आम्हाला एका कार्यालयाने दोघांचे मिळून १,४०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी सांगितला. ‘यात सगळे आले का?’ असे विचारल्यावर वरचा एकही खर्च त्यात नसल्याचे कळले. पहिला ६० टक्क्यांचा हप्ता प्रोफाइल भरताच द्यायचा होता. प्रोफाइल भरायला आम्हाला नंतर एक रविवार लागला.

त्याच बैठकीत तिथल्या बाईंनी सहज सांगितले, “अकाउंट आम्ही आमच्या ईमेलवरून उघडतो, पासवर्ड आमच्याकडेच राहील, तुम्हाला काही बघावे लागणार नाही.” माझ्या दृष्टीने निर्णय तिथेच झाला. परवानाधारक प्रतिनिधीसाठी खात्याचे स्वतंत्र पोर्टल असते आणि त्याची नेमणूक आयएमएम ५४७६ या अर्जावर आपल्या सहीने नोंदवलेली असते. बिनपरवाना एजंट मात्र अर्जदाराच्याच नावाने ऑनलाइन खाते उघडतो आणि ‘प्रतिनिधीची मदत घेतली का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहितो, म्हणजे फाइलची सुरुवातच खोट्या उत्तराने होते. पुढे निमंत्रण आल्याचे किंवा खात्याने एखादा खुलासा मागितल्याचे पत्र त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिले तरी ६० दिवसांचे घड्याळ आपल्यासाठी चालूच असते. त्याच स्थलांतर कायद्याच्या कलम ४० नुसार खोटी किंवा दडवलेली माहिती सिद्ध झाली तर पाच वर्षे कॅनडाचे दार बंद होते, आणि ‘ते एजंटने भरले होते’ हा बचाव सहसा टिकत नाही, कारण सही अर्जदाराची असते. परवानाधारकाने चूक केली तरी अर्जावर होणारा परिणाम आपल्यालाच भोगावा लागतो. फरक एवढाच, की त्याच्याविरुद्ध नियामक संस्थेकडे तक्रार करता येते.

तरीही काही फाइली अशा असतात की त्या स्वतः टाकण्याचे धाडस मी कुणालाही सुचवणार नाही. पूर्वी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारलेला असून तेव्हाच्या आणि आताच्या माहितीत तफावत असेल, एखादा जुना फौजदारी खटला असेल, घटस्फोटानंतर मुलाचा ताबा वादात असेल, किंवा कुटुंबात कुणाला उपचारांचा मोठा खर्च असलेला आजार असेल, तर आधीच परवानाधारक माणसाकडे जावे. अर्ज टाकल्यावर अधिकाऱ्याने आक्षेप नोंदवून बाजू मांडायला सांगितले, तर त्या एका उत्तरासाठी वकिलाला दिलेले पैसे साऱ्या पॅकेजपेक्षा जास्त मोलाचे ठरतात. आणि कॅनडाबाहेर दिलेल्या नकाराविरुद्ध तिथल्या फेडरल न्यायालयात जायचे असेल तर मुदत ६० दिवसांची असते. तिथे सल्लागाराचा परवाना पुरत नाही, वकीलच लागतो.

या दोन टोकांच्या मधे एक वाट आहे, आणि आम्ही तीच धरली: सगळे कागद स्वतः जमवायचे, अर्ज स्वतः भरायचा, आणि ‘सादर करा’ हे बटण दाबण्यापूर्वी एका परवानाधारकाचे तासाभराचे शुल्क भरून फाइल तपासून घ्यायची. त्या तासात आमच्या दोन चुका निघाल्या. दहा वर्षांच्या वैयक्तिक इतिहासात दोन नोकऱ्यांमधले सात आठवडे मी मोकळे सोडले होते, तिथे ‘बेरोजगार’ असे लिहायला हवे होते. आणि सासऱ्यांनी खात्यात टाकलेल्या रकमेसोबत ती भेट असून परत करायची नाही, असे त्यांचे पत्र जोडलेले नव्हते.

पूर्ण फाइल सोपवायची झाली, तर नाव नोंदवहीत शोधावे, परवाना चालू आहे का ते पाहावे, आणि करारावर त्याच परवानाधारकाची सही आहे ना, की पुण्यातल्या मार्केटिंग कंपनीची, हे वाचून घ्यावे. आपला परवानाधारक टोरंटोत बसतो असे सांगितले, तर पैसे देण्याआधी त्याच्याशी एकदा व्हिडिओवर बोलायला मागावे. नेमलेला प्रतिनिधी मधेच बदलावासा किंवा काढावासा वाटला तर त्याच आयएमएम ५४७६ वर तशी नोंद करता येते. मात्र त्याआधी परीक्षेचा निकाल, मूल्यांकन अहवाल आणि आजवर सादर केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्या ईमेलवर मागवून ठेवावी.