‘हा बेड घेतला की कूस बदलावी लागत नाही’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि तुम्ही एअर बेड (पंपाने हवा भरली जाणारी गादी) घ्यायच्या तयारीत असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे पैसे गेले याचं वाईट वाटतंच, पण त्या गादीवर आण्णांच्या माकडहाडाला जी जखम झाली, तिचा राग अजून शमलेला नाही.

आण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८, साखरेचा त्रास जुना. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही अडखळायला लागलं. मिरजेला एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, एअर बेडची सोय करून ठेवा. डॉक्टरांचा राउंड संपला आणि तासाभरात वॉर्डाच्या दाराशी एक जण कार्ड घेऊन उभा राहिला. त्याला पेशंटचं नाव ठाऊक होतं, बेड नंबर ठाऊक होता, उद्या डिस्चार्ज आहे हेही ठाऊक होतं. ही माहिती त्याच्यापर्यंत कुणी पोहोचवली ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. पण तेवढ्यामुळेच तो हॉस्पिटलनेच पाठवलेला माणूस आहे असा कुणाचाही समज होईल, आणि तो समज त्याने शेवटपर्यंत टिकवला.

“बघा ताई, साधा एअर बेड घेऊ नका, दोन महिन्यांत बसतो. आपला मेडिकेटेड जेल-एअर आहे, बाहेरचा माल. यावर पेशंटची कूस बदलायचीसुद्धा गरज नाही, बेड आपोआप सगळं करतो. बेडसोअर होणारच नाही, लेखी देतो.” (बेडसोअर म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने दाबामुळे होणारी जखम.) किंमत १४,५०० रुपये. ‘लेखी’ म्हणजे वहीतून फाडलेल्या कागदावर नाव, रक्कम, ‘३ वर्षं वॉरंटी’ आणि एक अर्धवट उमटलेला शिक्का. दादाने पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल, आणि माल उद्यापर्यंत मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी माणूस घरी येणार असताना हे ऐकवलं की घरचे काय करणार, याचा त्याला पुरता अंदाज होता.

गादी लावायला तो स्वतः घरी आला. रात्रपाळीला येणाऱ्या मावशींना त्याने जवळ बोलावून सांगितलं, “आता रात्री उठून पेशंटला हलवत बसू नका, उलट बेडचं सेटिंग बिघडतं.” माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा गुन्हा हाच. गादी खराब निघाली असती तरी मावशींनी रात्री दोन-दोन तासांनी आण्णांना कुशीवर वळवलं असतं, तर जखम एवढी वाढली नसती. दिवसभर आम्ही वळवत होतो. रात्र मात्र त्या एका वाक्याने खाऊन टाकली.

काही दिवसांनी पुसून काढताना कमरेखाली, दोन्ही कुल्ल्यांच्या मध्ये वरच्या बाजूला, एक लालसर जांभळा डाग दिसला. बोटाने दाबून सोडलं तरी त्याचा रंग बदलत नव्हता. निरोगी कातडी दाबली की क्षणभर फिकी पडते आणि मग पूर्ववत होते. रंग तसाच राहिला तर आतल्या पेशींना इजा व्हायला सुरुवात झाली असं समजायचं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं: तो भाग आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतो का. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “शुगर आहे ना, त्यामुळे होतं. पावडर लावा.” पुढे कातडी सोलवटली आणि आत खड्डा पडला.

ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी जे केलं ते प्रत्येकाने शिकून ठेवावं. त्यांनी जखमेकडे बघायच्या आधी तळवा वर करून हात सपाट गादीखाली सरकवला, आण्णांच्या कमरेच्या खाली नेला, आणि मला म्हणाल्या, “आता तुम्ही घाला.” माझ्या तळहाताला आण्णांचं हाड सरळ टेकत होतं. मध्ये हवा अशी नव्हतीच. ते पलंगाच्या फळीवरच झोपल्यासारखे होते. माणूस आणि तुमचा हात यांच्यामध्ये निदान एक इंच हवेचा आधार लागला पाहिजे. तो नसेल तर वरून गादी कितीही फुगलेली दिसो, ती निकामी आहे. ही तपासणी एकदा करून भागत नाही. डोक्याकडची बाजू वर केली की वजन घसरत माकडहाडावर येतं, तेव्हा त्या स्थितीतही हात घालून बघायचा.

मग त्यांनी पंपाकडे मोर्चा वळवला. दिवा लागलेला, घुर्र आवाज चालू, म्हणजे पंप चालू आहे असंच आम्ही धरून चाललो होतो. या गादीचं काम असं असतं: फुग्यांच्या ओळी एकाआड एक अशा दोन गटांत जोडलेल्या असतात आणि पंपातून दोन नळ्या निघतात. एका गटात हवा भरते तेव्हा दुसऱ्या गटातली सुटते, काही मिनिटांनी उलटं होतं. त्यामुळे शरीराच्या एकाच जागेवर सतत दाब राहत नाही. सिस्टरांनी दोन्ही नळ्या गादीपासून काढून टोकांवर बोटं धरायला सांगितली. एकीतून हवा येत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली, तरी त्याच नळीतून. दुसरी शेवटपर्यंत कोरडी. पंपाच्या आतला हवेची दिशा बदलणारा भाग बंद पडलेला होता, फक्त मोटर घुरघुरत होती. आण्णा रात्रंदिवस त्याच त्या ओळींवर पडून होते.

वरचं ‘जेल’ म्हणजे रेक्झिनमध्ये शिवलेला पातळ फोम. त्याने घाम धरला आणि खालच्या फुग्यांचा जो काही उपयोग झाला असता तोही घालवला. एअर बेडवर एकच पातळ सुती चादर, तीही सैल घालायची असते. गोधडी, जाड प्लास्टिक, चार पदरी घड्या असं काहीही नको. ‘मेडिकेटेड’ या शब्दाला तर काही अर्थच नाही. गादीत औषध नसतं, हवा असते.

पंपाच्या मागचं स्टिकर कोपऱ्यात उचललेलं होतं. दादाने ओल्या फडक्याने भिजवून नखाने हळूहळू सोललं. खाली जुनं छापील लेबल निघालं: देशी माल, कमाल किरकोळ किंमत ३,९०० रुपये, आणि उत्पादनाची तारीख आमच्या खरेदीच्या किती तरी आधीची. पंपाचे स्क्रू घासलेले होते. कुणाच्या तरी घरातून परत आलेला पंप पुसून, नवं स्टिकर चिकटवून आमच्या माथी मारला होता. फुग्यांची साधी गादी पंपासकट साधारण दोन ते चार हजारांत मिळते. आडव्या नळ्यांची जास्त टिकाऊ गादी त्याहून महाग पडते. चौदा हजार कशाचेच होत नव्हते.

पण महागडी, अस्सल, नवी कोरी गादी घेतली असती तरी ‘कूस बदलायची गरज नाही’ हे खोटंच ठरलं असतं. ब्रिटनमध्ये २,०२९ रुग्णांवर ‘प्रेशर २’ नावाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना अशा आलटून-पालटून हवा भरणाऱ्या गाद्या दिल्या, निम्म्यांना उत्तम दर्जाच्या फोमच्या. हवेच्या गादीवर ६.९ टक्के रुग्णांना नवीन जखमा झाल्या आणि फोमवर ८.९ टक्क्यांना. फरक इतका कमी की हवेची गादीच सरस असं ठामपणे म्हणता आलं नाही. तिथे नर्सेस होत्या, देखरेख होती, गाद्या चांगल्या होत्या, तरी दोन्हीकडे काहींना जखमा झाल्याच. मग वॉर्डाच्या दारात उभा राहून एखादा माणूस ‘होणारच नाही’ असं कशाच्या बळावर सांगतो?

गादी दाब कमी करते, तेवढंच तिचं काम. बाकीचं माणसांनीच करायचं असतं. दर दोन तासांनी कूस बदलणं हा रूढ नियम; त्वचा बघून डॉक्टर किंवा सिस्टर ती वेळ कमी-जास्त करतात. पूर्ण आडव्या कुशीवर टाकलं तर खुब्याच्या हाडावर दाब येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून थोडंसंच कलतं ठेवायचं. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, त्यासाठी उशी पोटरीखाली घ्यायची. ओढत वर सरकवायचं नाही, दोघांनी चादरीने उचलायचं. ओला डायपर ताबडतोब बदलायचा. लाल झालेल्या जागेवर चोळायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही, आणि मध्ये भोक असलेली ट्यूबसारखी रिंग तर अजिबात नको, तिच्या कडेने उलट रक्तपुरवठा दाबला जातो. आमचा तो विक्रेता ही रिंगसुद्धा ८०० रुपयांना गळ्यात मारणार होता.

पैशाचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण ‘बिल नाही म्हणजे काहीच करता येत नाही’ असं आम्हाला चारचौघांनी ऐकवलं होतं. तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. वाढीव किमतीचं स्टिकर छापील किमतीवर चिकटवणं हा वैध मापनाच्या (वजन-मापं आणि छापील किमतींच्या) नियमांचा भंग आहे, त्याची तक्रार त्या खात्याच्या जिल्हा कार्यालयात वेगळी करता येते. आमच्याकडे यूपीआयची नोंद होती, तो कागद होता, आणि ‘हलवायची गरज नाही’ असं सांगणारा त्याचा व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आणि वकिलांकरवी नोटीस पाठवली. नोटीस पोहोचताच साहेबांचा फोन आला: नऊ हजार परत देतो, तक्रार नाही असं लिहून द्या. दादाने लिहून दिलं नाही. आता प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. गादी, पंप, सोललेलं स्टिकर, जखमेचे तारीखवार फोटो, सगळं जपून ठेवलंय. तुम्हीही खोका फेकू नका.

आण्णांची जखम आता भरत आली आहे. सर्जनांनी आतली मेलेली कातडी काढली, साखर ताब्यात आणली, आहारात अंडी आणि डाळ वाढवली. मावशी रात्री गजर लावून उठतात आणि भिंतीवरच्या कागदावर वेळ आणि कूस लिहितात.

विकत घ्यायच्या आधी आपल्या गावात रुग्णसाहित्य केंद्र आहे का ते विचारा. आपल्याकडे बऱ्याच गावांत सेवाभावी संस्था किंवा मंडळं अनामत घेऊन पलंग, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, वॉटर बेड, एअर बेड वापरायला देतात. आमची आत्ताची गादी तशीच आणलेली आहे. मात्र तिथूनही आणताना पंप जागेवरच लावून घ्या, दोन्ही नळ्यांवर बोटं धरून हवा आलटून-पालटून येते का बघा, घरातल्या एखाद्या वजनदार माणसाला त्यावर झोपवून खाली हात घाला, आणि वीज गेल्यावर हवा किती वेळ टिकते तेही विचारून घ्या. दुकानदार किंवा केंद्रवाला एवढं करू देत नसेल, तर ती गादी घेऊ नका.