'3 टन' लिहिलेला जॅक : एका खरेदीतील फसवणुकीचा अनुभव

ऑइल बदलणे, ब्रेक पॅड तपासणे, चाकांची अदलाबदल करणे ही कामे जे आपल्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हाताने करतात, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. ज्या वस्तूच्या बाबतीत माझी फसवणूक झाली, तिच्या भरवशावर माणूस सव्वा टनाच्या गाडीखाली आडवा होतो, म्हणून ही बाब केवळ पैशांपुरती राहत नाही.

एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रेत्याकडून मी ट्रॉली जॅक (तेलाच्या दाबावर गाडी उचलणारा, चाकांवरचा हायड्रॉलिक जॅक) आणि दोन जॅक स्टँड (उचललेली गाडी ज्यांवर टेकवतात ते आधार) असा संच 7,900 रुपयांना मागवला. जाहिरातीत जॅकची क्षमता 3 टन, उचलण्याची उंची 75 ते 500 मिलिमीटर आणि स्टँड प्रत्येकी 3 टनांचे, असे स्पष्ट लिहिलेले होते. माझी गाडी टाटा नेक्सॉन आहे. तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतचे अंतर, 209 मिलिमीटर असल्यामुळे मला उंच उचलणाऱ्या जॅकची गरज होती आणि 500 हा आकडा पाहूनच मी हा संच निवडला होता.

खोके घेऊन आलेल्या मुलाने ते एकट्याने, सहज उचलून दारात ठेवले, तिथेच पहिली शंका आली. अर्धा मीटर उंचीपर्यंत उचलणारा पोलादी बांध्याचा 3 टनी ट्रॉली जॅक साधारणपणे तीस किलोंच्या पुढे भरतो. हा जॅक किराणा दुकानातील काट्यावर ठेवला, तर तो जेमतेम नऊ किलोंचा निघाला. त्याच्या बाजूच्या पत्र्यावर '3 टन' असे ठळक लाल स्टिकर होते. त्याचा एक कोपरा सुटलेला दिसला, म्हणून हेअर ड्रायरची गरम हवा देऊन ते सावकाश सोलले, तेव्हा खाली कारखान्यातील मूळ पट्टी दिसली : क्षमता 2 टन, उंची 135 ते 330 मिलिमीटर. खोक्यावरही छापील मजकुराच्या जागी पांढरा कागद चिकटवलेला होता.

गाडीचे वजन सव्वा टन आणि एका वेळी त्यातला एक भागच उचलायचा, मग 2 टनांचा जॅक पुरेसा नाही का, असा प्रश्न कोणी विचारेल. वजनापुरता तो पुरेसा आहे, हे मला मान्य आहे. अडचण उंचीची आहे. नेक्सॉनसारख्या गाडीत जॅक लावण्याची जागा मुळातच जमिनीपासून वीस सेंटिमीटरच्या आसपास असते. गाडी वर जाऊ लागली की सस्पेन्शन (चाकांवरील स्प्रिंगची जोडणी) सैल होऊन चाक बराच वेळ जमिनीलाच टेकून राहते, त्यामुळे 330 मिलिमीटरवर थांबणारा जॅक चाक नीट सुटण्याआधीच संपतो आणि खाली स्टँड सरकवायला जागा उरत नाही. अशा वेळी लोक जॅकखाली विटा किंवा लाकडाचे ठोकळे रचतात. वीट भाराखाली एकाएकी फुटते, हे बांधकामाच्या जागी वावरलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

त्यानंतर मी जॅकची चाचणी घेतली. मागच्या चाकांना उटी लावून (घरंगळू नयेत म्हणून अडसर देऊन), हँडब्रेक ओढून, पुढचे एक चाक थोडेसेच वर घेतले आणि खबरदारी म्हणून गाडीखाली स्टेपनी सरकवून ठेवली. कोणीही गाडीखाली गेले नाही. जॅकच्या गाडी उचलणाऱ्या दांड्यावर खडूने खूण केली होती. अर्ध्या तासात ती बोटभर खाली सरकली होती आणि सिलिंडरच्या तोंडाशी तेलाचा पातळ ओघळ आला होता. नवा हायड्रॉलिक जॅक भाराखाली असा बसत असेल, तर सील किंवा व्हॉल्व्ह सदोष आहे, असेच समजावे.

स्टँडची अवस्था मला अधिक गंभीर वाटली. यात मधली दातेरी दांडी वर ओढली की खिटी दात्यात अडकते आणि सगळा भार त्या खिटीवर येतो. एका स्टँडमध्ये वरच्या दोन दात्यांवर खिटी पूर्ण आत न बसता केवळ टोकावर टेकत होती. हाताने हलकासा धक्का दिला की ती सुटत होती. पायांच्या वेल्डिंगवरील जाड काळा रंग नखाने निघाला आणि खाली सांध्यात फट दिसली. अमेरिकेत 2020 साली हत्यारे विकणाऱ्या एका मोठ्या साखळीला 3 आणि 6 टनी स्टँड याच प्रकारच्या दोषामुळे, म्हणजे खिटी दात्यात पुरेशी न बसण्यामुळे, परत मागवावे लागले होते. त्यांच्या बदल्यात दिलेल्या काही स्टँडमध्येही पुढे वेल्डिंगचा दोष आढळला. नावाजलेल्या मालाची ही कथा असेल, तर ज्यावर कोणाचेच नाव नाही अशा मालाची परीक्षा आपणच करायला हवी. शिवाय कित्येक उत्पादक स्टँडवर जोडीची मिळून क्षमता लिहितात, त्यामुळे 'प्रत्येकी' हा शब्द जाहिरातीत नव्हे, तर वस्तूवर किंवा तिच्या माहितीपत्रकात शोधावा.

विक्रेत्याचे पहिले उत्तर असे होते की, 3 टन ही 'कमाल' क्षमता आहे. सोललेल्या स्टिकरची छायाचित्रे पाठवल्यावर त्याने 500 रुपये परत देण्याची तयारी दाखवली, मात्र मी नकारात्मक अभिप्राय लिहू नये अशी अट घातली. मी ती नाकारली. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, निर्मितीचा महिना आणि ग्राहक सेवेचा क्रमांक यांपैकी काहीही नव्हते. पॅकबंद वस्तूंसंबंधीच्या 2011 च्या नियमांनुसार ही माहिती बंधनकारक आहे, आणि याच मुद्द्यावर मी बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिले. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावे लागते. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्याच पत्रव्यवहारात जोडला, तेव्हा कुठे चक्रे हलली आणि पूर्ण रक्कम परत मिळाली. तसे झाले नसते, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याची माझी तयारी होती. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तिथे दावा दाखल करता येतो आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

नंतरचा जॅक मी मुंबईत नागदेवीच्या बाजारातून, दुकानात उभा राहून घेतला : वजन करून, किमान आणि कमाल उंची टेपने मोजून, स्टँडची खिटी प्रत्येक दात्यावर बसवून पाहून आणि पक्क्या बिलावर मॉडेलचा क्रमांक लिहून घेऊन. पैसे अधिक गेले. दुकानदाराने एकाही तपासणीला हरकत घेतली नाही.

जुना संच आता त्याच बाजारपेठेवर वेगळ्या ब्रँडच्या नावाने पुन्हा विक्रीला आहे. छायाचित्रे तीच आहेत, वर्णनात 3 टन आणि 500 मिलिमीटर तेच आहे, आणि वजनाचा रकाना रिकामा आहे. असा रिकामा रकाना दिसला, तर विक्रेत्याला जॅकचे निव्वळ वजन लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका.