सबवूफरसाठी मोनोब्लॉक ॲम्प्लिफायर : काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि एका स्क्रूविषयी सविस्तर

गाडीतल्या सबवूफरचा (खालचे, घुमणारे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) जुना ॲम्प्लिफायर वॉरंटीच्या मुदतीतच बंद पडला, सेवा केंद्राने तो बदलून देण्यास नकार दिला आणि नवा घेणे भाग पडले. त्या नव्या क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारच्या) मोनोब्लॉकचा, म्हणजे एकाच चॅनेलच्या ॲम्प्लिफायरचा, काही महिन्यांचा अनुभव येथे मांडत आहे. आवाजाबाबत मी पूर्ण समाधानी आहे, हे आधीच सांगतो. तरीही या लिखाणाचा मोठा भाग त्याच्या अर्थच्या टर्मिनलवर, म्हणजे गाडीच्या पत्र्याकडे जाणारी तार जिथे जोडतात त्या जागेवर, खर्च होणार आहे, कारण इतक्या विचारपूर्वक बनवलेल्या यंत्राला निर्मात्याने इतके हलके टर्मिनल का बसवावे, याचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही.

जुन्याची हकीकत आवश्यक तेवढीच सांगतो, कारण नव्याची निवड तिच्यातूनच ठरली. तो दोन चॅनेलचा क्लास एबी (जास्त वीज उष्णतेत घालवणाऱ्या प्रकारचा) ॲम्प्लिफायर होता आणि ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र जोडून, चार ओहमवर चालत होता. एके दिवशी प्रोटेक्टचा (बिघाड ओळखून ॲम्प्लिफायर स्वतःला थांबवतो तेव्हाचा) लाल दिवा लागला आणि विझेना. इनपुटच्या आणि सबवूफरच्या तारा काढून फक्त पॉवर, अर्थ आणि रिमोट (ॲम्प्लिफायर चालू करण्याचा इशारा देणारी) या तीनच तारा ठेवल्या, तरी दिवा तसाच राहिला. म्हणजे बिघाड बाहेर नसून आतच होता. सेवा केंद्राने सबवूफरही मागवून घेतला, त्याच्या कॉइलला (आतल्या तारेच्या वेटोळ्याला) मल्टिमीटर लावला, ३.६ ओहम असा आकडा वाचला आणि चार ओहमपेक्षा कमी लोड लावल्याने वॉरंटी लागू होत नाही, असे लिहून दिले. हे कारण मुळातच चुकीचे आहे. मल्टिमीटर कॉइलचा डीसी रोध दाखवतो आणि चार ओहमच्या बहुतेक स्पीकरमध्ये तो साधारण ३.२ ते ३.७ ओहम एवढाच भरतो. पेटीवरचे चार ओहम म्हणजे इम्पिडन्सचा (संगीताच्या बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाचा) नाममात्र आकडा. स्पीकरसाठीचे आयईसी ६०२६८-५ हे आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा इम्पिडन्सला नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे येथे ३.२ ओहमपर्यंत उतरण्याची मुभा देते. हे सर्व लेखी कळवूनही उत्तर बदलले नाही. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी हा मुद्दा नम्रपणे पण ठामपणे लावून धरावा, आणि ॲम्प्लिफायर देताना ‘तारा काढल्यावरही प्रोटेक्ट लागतो’ ही नोंद तक्रारीच्या कागदावर स्वतःसमोर करून घ्यावी.

नवा निवडताना पेटीवरच्या मोठ्या आकड्याकडे मी पाहिलेच नाही. फक्त दोन गोष्टी पाहिल्या: ॲम्प्लिफायरची शक्ती मोजण्याच्या सीईए-२००६ या ठरलेल्या पद्धतीने मोजलेली आरएमएस (सलग देता येणारी) शक्ती दिली आहे का, आणि अंगावरचे फ्यूज किती अँपिअरचे आहेत. त्या पद्धतीत १४.४ व्होल्ट, चार ओहम आणि एक टक्क्याच्या आतले विरूपण (मूळ आवाज बिघडणे) अशा अटी घातलेल्या असल्याने निरनिराळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात. फ्यूजचा हिशेब त्याहूनही सोपा आहे. जुन्यावर वीस-वीस अँपिअरचे दोन फ्यूज होते. चाळीस अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे जेमतेम ५७६ वॅट आत जाणार, आणि क्लास एबीमध्ये त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भागच सबवूफरपर्यंत पोहोचणार. पेटीवर १५०० छापले असले, तरी माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दिलेले ३०० वॅट आरएमएस खरे होते. दुकानात उभ्या उभ्या करता येणारा हा गुणाकार प्रत्येक ग्राहकाने करावा, असे मला मनापासून वाटते. डॅम्पिंग फॅक्टरचा (ॲम्प्लिफायर स्पीकरच्या पडद्याला किती आवरतो त्याचा) आकडा मात्र खुशाल सोडून द्यावा. कॉइलचा स्वतःचा साडेतीन ओहमचा रोध त्याच मार्गात असल्याने तो आकडा २०० आहे की ५००, याचा कानाला काही फरक पडत नाही.

माझा सबवूफर बारा इंची, दोन-दोन ओहमच्या दुहेरी कॉइलचा, ३५० वॅट आरएमएसचा आणि बंद पेटीतला आहे. नवा मोनोब्लॉक चार ओहमवर ३००, दोन ओहमवर ५०० आणि एक ओहमवर ८०० वॅट देतो. कॉइल समांतर जोडल्या की एक ओहम होतो आणि ‘पूर्ण ताकद मिळते’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मी त्या सीरिजमध्येच (एकामागे एक) ठेवल्या, म्हणजे चार ओहमवर. शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो; तीनशेवरून आठशेवर जाण्याचा लाभ सव्वाचार डेसिबलच्या आसपास आहे, आणि तोही माझ्या सबवूफरला पेलणारा नाही. त्या बदल्यात बॅटरीकडून ओढला जाणारा प्रवाह मात्र तिपटीच्या घरात जातो. माझ्यासारख्या काटकसरी माणसाला हा व्यवहार परवडत नाही. उलट त्याच तीनशे वॅटसाठी जुना क्लास एबी पूर्ण जोरावर चाळीसेक अँपिअर ओढत होता, तिथे हा साधारण सव्वीस अँपिअरवर भागवतो. रात्री हेडलाइट आणि एसी चालू असताना दिव्यांचे लुकलुकणे थांबले ते यामुळेच.

वायरिंग किटबाबत एकच गोष्ट सांगतो. ‘४ गेज’ (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप) असे छापलेली तार तांब्याचीच असेल असे नाही. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही त्याच नावाने विकली जाते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के आहे, म्हणून तशी तार घ्यायचीच असेल तर निदान एक माप जाड घ्यावी. टोक कापून धागा चाकूने खरवडला की आतला पांढरेपणा लगेच दिसतो. मुख्य फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत असावा, कारण तो ॲम्प्लिफायरसाठी नसून तारेसाठी असतो.

गेन (स्टिरिओचा सिग्नल ॲम्प्लिफायर किती वाढवतो ते) मी मल्टिमीटरने लावला. सबवूफर काढून ठेवला, बास बूस्ट (खालचे सूर जादा वाढवणारे बटण) शून्यावर आणला, स्टिरिओचा आवाज पाऊण ठेवून ५० हर्ट्झचा टोन लावला आणि आउटपुटवर ३४.६ व्होल्ट एसी येईपर्यंत गेन वाढवला. तीनशे गुणिले चार याचे वर्गमूळ म्हणजे तो आकडा. बास बूस्ट पुन्हा शून्यावरून हलवलेला नाही. ४५ हर्ट्झवर बारा डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात सोळापट शक्तीची मागणी, आणि ती पुरवता न आल्याने ॲम्प्लिफायर क्लिपिंगमध्ये जाऊन, म्हणजे ध्वनिलहरींचे शेंडे कापून, कॉइल तापवतो. लो-पास (ठरलेल्या मर्यादेखालचेच सूर सबवूफरकडे सोडणारे फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवल्यावर पुढच्या स्पीकरशी सांधा इतका स्वच्छ जुळला की बास डिकीतून येतो आहे हे जाणवतसुद्धा नाही. तबल्यातल्या डग्ग्याची घुमक त्याच्या मींडेसह ऐकू येते. जुन्यात तीच घुमक एका सुरावर अडकल्यासारखी वाटे.

एवढे सगळे जमून आल्यावर काही आठवड्यांनी खड्ड्यातून गाडी गेली की आवाज दोन-तीन सेकंद तुटू लागला. प्रोटेक्टचा दिवा लागत नव्हता. ॲम्प्लिफायर पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू होत होता. फोनवरून मिळालेला सल्ला सबवूफर बदलून पाहण्याचा होता. त्याऐवजी मी अर्थच्या मार्गात टप्प्याटप्प्याने व्होल्टेजची घसरण मोजली. इंजिन चालू, संगीत मोठे, आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. गाडीच्या पत्र्यावरचा बोल्ट ते तारेचे दुसरे टोक यांच्यामध्ये किरकोळ, काही शतांश व्होल्टची घसरण होती. त्याच टोकापासून टर्मिनलच्या धातूपर्यंत, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही कमी अंतरात, जोराच्या ठोक्याला अर्ध्या व्होल्टच्या आसपास घसरण दिसत होती. तार हलक्या हाताने हलवली की आकडा उड्या मारत होता.

टर्मिनल उघडून पाहिले तेव्हा कारण स्पष्ट झाले. प्लास्टिकच्या ठोकळ्यात पितळी चौकोन, त्याला आडवे भोक, आणि वरून एकच ग्रब स्क्रू (डोके नसलेला स्क्रू). स्क्रू आणि तार यांच्यामध्ये दाबपट्टी नाही. त्यामुळे स्क्रूचे टोकदार तोंड फिरत फिरत थेट तारेच्या बारीक धाग्यांत घुसते, काही धागे तुटतात, उरलेले बाजूला सरकतात, आणि सुरुवातीला घट्ट वाटणारी पकड गाडीच्या हादऱ्यांनी धागे बसत गेले की ढिली होते. तार बाहेर ओढल्यावर भोकात तुटलेल्या धाग्यांचा चुरा पडला होता आणि स्क्रूभोवतीचे काळे प्लास्टिक एका कडेला तपकिरी होऊन चकाकी गमावून बसले होते.

हा दोष क्षुल्लक का नाही, हे आकड्यांतूनच कळते. सव्वीस अँपिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे सुमारे वीस मिलिओहमचा सांधा, आणि त्यात जळणारी शक्ती तेरा वॅट. लहान सोल्डरिंग आयर्नच्या निम्मी उष्णता त्या एका स्क्रूखाली, जोराच्या प्रत्येक ठोक्याला निर्माण होत होती. मी चार ओहमवर असल्याने एवढ्यावर निभावले. हाच सांधा एक ओहमवर चालणाऱ्याच्या गाडीत असेल तर प्रवाह तिप्पट आणि उष्णता नऊपट होईल. ज्या यंत्राच्या पेटीवर एक ओहमची क्षमता अभिमानाने छापली आहे, त्याच यंत्राला त्या प्रवाहाला न शोभणारे टर्मिनल दिले आहे, ही माझी खरी तक्रार आहे. आणि हा सांधा फ्यूजच्या नजरेत येत नाही, कारण ढिल्या सांध्यामुळे प्रवाह वाढत नाही, फक्त जागा तापत राहते.

उपाय सोपा निघाला. तारेचे फुटलेले टोक कापले, नव्या टोकावर तांब्याचे फेरूल (धागे एकत्र धरणारी छोटी नळी) चढवून षट्कोनी क्रिंपरने दाबले आणि ते टर्मिनलमध्ये घालून स्क्रू आवळला. आता स्क्रू धाग्यांवर न बसता फेरूलच्या नळीवर बसतो. आठवड्याने ॲलन की लावून पाहिली तेव्हा स्क्रू आणखी थोडा फिरला. त्यानंतर हललेला नाही, आणि घसरण मल्टिमीटरवर जेमतेम दिसते. टोकाला सोल्डर लावून ते कडक करण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो कृपया मानू नये. सोल्डर मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू पसरते आणि स्क्रू पुन्हा ढिला होतो. पॉवरच्या टर्मिनललाही हेच केले. खड्ड्यातून आवाज तुटणे त्या दिवसापासून थांबले.

एका बाबतीत माझे मत या काळात पूर्ण बदलले. सोबत मिळालेले डॅशबोर्डवर लावायचे बास नॉब मला निवडीच्या वेळी बिनकामाचे वाटले होते आणि त्यासाठी तार ओढण्याचा त्रासही मी नाइलाजानेच घेतला होता. आज हात सर्वांत जास्त वेळा त्याच्याकडेच जातो. जुन्या ध्वनिमुद्रणांत खालचा पट्टा विरळ असतो, नव्या गाण्यांत तो ठासून भरलेला असतो, आणि बातम्या किंवा भाषण ऐकताना निवेदकाच्या आवाजाला अनावश्यक भारदस्तपणा येतो. हे सर्व मेनूत न शिरता एका वळणात सांभाळता येते. मात्र हे नॉब नेमके काय करते ते घेण्यापूर्वी विचारावे. माझ्याकडचे फक्त पातळी कमी करते, म्हणजे पूर्ण उघडले तरी लावलेल्या गेनच्या वर जात नाही. काही ॲम्प्लिफायरवरचे असेच दिसणारे नॉब बास बूस्ट वाढवते, आणि तसे असेल तर मल्टिमीटरने काळजीपूर्वक केलेल्या मांडणीला काही अर्थ उरत नाही.

मूळ स्टिरिओ न बदलता हाय-लेव्हल इनपुटवर, म्हणजे स्टिरिओच्या स्पीकरच्या ताराच ॲम्प्लिफायरला जोडून, काम भागेल का, ही शंकाही दूर झाली. स्पीकरच्या तारांवरचा डीसी व्होल्टेज ओळखून ॲम्प्लिफायर आपोआप सुरू होतो आणि रिमोटची वेगळी तार लागत नाही. फक्त काही गाड्यांचे मूळ स्टिरिओ आवाज वाढवला की छोटे स्पीकर वाचवण्यासाठी बास स्वतःहून कमी करतात. तशा गाडीत कोणताही ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजाला दुबळा वाटेल, आणि त्याचा दोष ॲम्प्लिफायरला देऊ नये. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी मला एकदाही ऐकू आली नाही. त्याचे श्रेय अर्थचा बोल्ट रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बसवण्याला आहे.

तीन-चारशे वॅटचा एक सबवूफर चार किंवा दोन ओहमवर चालवणाऱ्याने हा मोनोब्लॉक निःशंक घ्यावा, आणि त्यासोबत तारेच्या मापाची चार फेरूल घ्यावीत. एक ओहमवर चालवण्याचा विचार असेल, तर मात्र नट-बोल्टवर रिंग लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची कडी) आवळता येईल किंवा निदान दोन स्क्रूंखाली दाबपट्टी असेल असा दुसरा ॲम्प्लिफायर शोधावा, आणि दुकानात टर्मिनलवरचे झाकण उघडून ते स्वतः पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.