पॅरामोटरची वार्षिक तपासणी : कामशेतजवळच्या वर्कशॉपचा अनुभव

यंदा पावसाळ्यात माझ्या पॅरामोटरची (पाठीवर इंजिन-पंखा बांधून उडायचं पॅराग्लायडर) विंग, म्हणजे डोक्यावरचं कापडी पंख, आणि इंजिन दोन्ही कामशेतजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तपासायला दिलं होतं. काम मनापासून आवडलं, कारण जे मोजलं ते सगळं लिहून हातात दिलं.

आपल्यापैकी बहुतेकांचा जीव इंजिनात अडकलेला असतो, पण मी तुम्हाला इथे पाठवीन ते विंगसाठी. विंगला पायलटशी जोडणारी एकेक लाईन (बारीक दोरी) ठरावीक ताण देऊन लेसरनं मोजली आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून फरक मिलिमीटरमध्ये लिहिला. डायनीमाच्या (एक मजबूत कृत्रिम धागा) लाईन वापरात आखडतात. पुढच्या दोन ओळींतल्या, म्हणजे ए-बी लाईनवर भार जास्त, म्हणून त्या लांबी टिकवतात. मागच्या मात्र आखडत जातात. मग ब्रेकला हात न लावताही विंगची मागची बाजू खाली ओढलेली राहते. वेग कमी होतो, टेकऑफला विंग डोक्यावर यायला रेंगाळते आणि स्टॉल (वेग फार कमी होऊन विंग उडायचीच थांबणं) जवळ येतो. हे इतकं हळूहळू होतं की रोज उडणाऱ्यालाही कळत नाही! माझ्या मागच्या लाईन दीड-दोन सेंटीमीटर आखडलेल्या निघाल्या. रायझरच्या (लाईन खाली जिथे जोडलेल्या असतात ते पट्टे) कड्यांवरचे लूप बदलून ट्रिम, म्हणजे पुढच्या-मागच्या लाईनच्या लांबीचा मेळ, जुळवून दिली. ताकद किती उरलीय ते कळावं म्हणून एक मधली ए लाईन काढून तुटेपर्यंत ओढून पाहिली आणि जागी नवी बसवली. कापड किती झिजलंय ते कळावं म्हणून ठरावीक हवा त्यातून जायला किती सेकंद लागतात, तेही वरच्या कापडावर चार-पाच ठिकाणी मोजलं.

इंजिनाला वॉल्ब्रो डब्ल्यूजी-8 कार्बोरेटर आहे, म्हणजे ग्रासकटरसारखाच डायफ्रामवाला (आत पातळ पडदा असलेला). आता पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्यातलं इथेनॉल पाणी ओढतं आणि असं पेट्रोल टाकीत पडून राहिलं की डायफ्राम आणि पाइप कडक होतात. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की टू-स्ट्रोक तापतं आणि पिस्टन जाम होतो. इथे डायफ्राम, पेट्रोलचा पाइप आणि प्रायमर बल्ब बदलला, पॉप-ऑफ प्रेशर (कार्बोरेटरची पेट्रोलची झडप ज्या दाबाला उघडते तो) गेजवर दाखवलं आणि काढलेले भाग पिशवीत घालून परत दिले. सायलेन्सरच्या रबर माउंटला बारीक चीर होती. ती आरसा धरून दाखवली. प्रॉपचे (पंख्याचे) बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले आणि पहिल्या उड्डाणानंतर पुन्हा तपासा, असं बजावून सांगितलं.

दोन गोष्टी खटकल्या. केजचे (पंख्याभोवतीच्या चौकटीचे) वेल्ड आणि हार्नेसचे कॅराबिनर (बसायच्या पट्ट्यांना विंग जोडणाऱ्या दोन कड्या) मी आठवण केल्यावर पाहिले. हे न सांगता व्हायला हवं, कारण आपण सगळे त्याच दोन कड्यांवर लटकतो. रिझर्व्हचं (आणीबाणीच्या पॅराशूटचं) रीपॅकिंग, म्हणजे उघडून पुन्हा घडी घालणं, इथे होत नाही, ते दुसरीकडे करावं लागलं. पैसे मात्र आधी सांगितले तेवढेच घेतले.

माझ्याकडून 5 पैकी 4. द्यायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्येच द्या. लाईनचा पूर्ण सेट बदलायची वेळ आली तर तो परदेशातून यायला आठवडे लागतात, आणि उडण्याचा हंगाम सुरू झाला की ऑक्टोबरात सगळेच आपापली विंग घेऊन तिथे पोचतात.