सोफियात टॅक्सीत बसण्याआधी काच वाचा

बल्गेरियाच्या राजधानीत टॅक्सी सगळ्या पिवळ्या. दारावर कंपनीचं नाव आणि फोन नंबर, टपावर दिवा. गावात नाव असलेल्या कंपन्यांचे रंग आणि अक्षरांची ठेवण जवळजवळ तशीच उचलून काही गाड्या नेमक्या पर्यटकांच्या जागी उभ्या असतात. नावात एखादं अक्षर वेगळं, नंबरात एखादा आकडा वेगळा. सिरिलिक लिपी येत नसेल तर ते कळायचं कसं? आम्हाला नागवलं ते अशाच एका गाडीनं. देशात युरो यायच्या आधीची, लेव चालत होते तेव्हाची ही गोष्ट, पण युक्ती चलनावर अवलंबून नाही म्हणून सविस्तर लिहितो.

सोफियाचं मधलं गाव पायी बघण्याचं आहे. अलेक्झांडर नेव्हस्की कॅथेड्रलचे सोनेरी घुमट, शेजारच्या बाजारात जुनी पदकं आणि लेसचे रुमाल, इमारतींच्या चौकात दडलेली चौथ्या शतकातली विटांची सेंट जॉर्ज रोटुंडा. इथवर कुणी फसवत नाही, कारण कुणाची गरजच पडत नाही. गरज पडते ती बोयानाच्या चर्चला जाताना. ते व्हितोशा डोंगराच्या पायथ्याशी, शहराच्या कडेला. 64 नंबरची बस जाते, पण आईचे गुडघे सकाळच्या चालण्यानं बोलायला लागले होते. कॅथेड्रलजवळच टॅक्सी उभी होती.

आई डोंबिवलीची. तिनं बसायच्या आधीच सांगितलं, "मीटर टाकायला सांग रे त्याला." मी सांगितलं. ड्रायव्हर हसला, मीटरचं बटण आमच्यासमोर दाबलं आणि आकड्याकडे बोट दाखवलं. आम्ही निर्धास्त. मुंबईत निम्मी लढाई मीटर टाकून घेण्याचीच असते, आणि इथे ती पहिल्याच मिनिटाला जिंकलेली.

सिग्नलला थांबलो तेव्हा आकडा पळताना दिसला. गाडी उभी आणि मीटर धावतंय. चर्चशी उतरलो तेव्हा 58 लेव झाले होते, म्हणजे अडीच-तीन हजार रुपये. मी आवाज चढवला. त्यानं चढवला नाही. शांतपणे छापील पावती फाडून दिली आणि मागच्या दाराच्या काचेवरचा स्टिकर दाखवला. बारीक अक्षरात किलोमीटरला साडेसहा लेव, बसल्याबसल्याचे वेगळे, थांबल्याचे मिनिटावर वेगळे. मीटर अजिबात खोटं नव्हतं. त्यात भरलेला दरच लुटीचा होता, आणि तो आमच्या खांद्याला लागून असलेल्या काचेवर छापलेला होता! दार उघडताना प्रवाशाचं लक्ष हँडलकडे असतं, एवढंच त्यांना पुरतं.

60 दिले. दोन लेव सुट्टे नाहीत म्हणाला.

चर्च मात्र बघाच. बाहेरून अगदी लहान, आपल्याकडच्या एखाद्या गावदेवीच्या देवळाएवढं. आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात आणि दहा मिनिटांत बाहेर काढतात, श्वासाच्या ओलाव्यानं रंग बिघडू नयेत म्हणून. भिंतीवरची चित्रं 1259 सालची. देणगीदार कालोयान आणि त्याची बायको देसिस्लावा यांचे चेहरे इतके जिवंत आहेत की ही माणसं कुठेतरी भेटली होती असं वाटतं. युनेस्कोनं 1979 मध्ये ते जागतिक वारशात घेतलं. पण माझ्या दहा मिनिटांतली निदान तीन साडेसहा गुणिले किलोमीटर करण्यात गेली. चोरीचा हा हिस्सा पावतीवर येत नाही.

तिकीटखिडकीवरच्या बाईंनी माझ्या हातातली पावती पाहून मान हलवली आणि परतीची टॅक्सी स्वतः फोन करून मागवली. आली तीही पिवळीच, अक्षरंही तसलीच. पण काचेवर किलोमीटरला दीड लेवच्या आसपास. तोच रस्ता, तेरा लेव. बाईंनी गाडी आल्यावर बाहेर येऊन आईला त्या स्टिकरवरचा आकडा नखानं दाखवला, शाळेतल्या बाई दाखवतात तसा.

तेव्हा रस्त्यावर उभी असलेली टॅक्सी घेऊ नका. हॉटेलातून, रेस्टॉरंटमधून फोन करायला सांगा किंवा अ‍ॅपवरून बोलवा. विमानतळावर कुणी "टॅक्सी, टॅक्सी" करत जवळ आलं तर सरळ पुढे चला. दुसऱ्या टर्मिनलपासून मेट्रो थेट शहरात जाते. बसावंच लागलं तर आधी काचेचा फोटो काढा. फोटो काढताना बघून दर विचारायच्या आतच काही ड्रायव्हर "गाडी बुक आहे" म्हणतात, असं हॉटेलवाल्यानं सांगितलं.

एक धोका नवा आहे. 1 जानेवारी 2026 पासून तिथे युरो आला, आणि एका युरोला 1.95583 लेव या दरानं जुने आकडे जवळजवळ निम्मे झाले. आमच्या काचेवरचा साडेसहा आता सव्वातीन दिसेल. युरोपातल्या इतर राजधान्या हिंडून आलेल्या आपल्या माणसाला किलोमीटरला सव्वातीन युरो फारसे खटकणारही नाहीत. आम्हाला नीट नेऊन सोडणाऱ्या गाडीचा दर युरोत पाऊणच्या आसपास होता.