डीएनएचा पीळ पाहायला गेलो, दोरा मोजून आलो : इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सेवेचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे महाविद्यालय आहे आणि तेथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना डीएनएची आकृती फळ्यावर काढण्यापलीकडे सहसा जाता येत नाही. गेल्या एप्रिलमध्ये एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी नागपूरच्या एका संस्थेतील ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची (पातळ नमुन्यातून इलेक्ट्रॉन आरपार सोडून चित्र उमटवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची) सशुल्क सेवा आम्ही प्रथमच घेतली. इतर ग्रामीण महाविद्यालयांतील सहकारी या सेवेविषयी वारंवार विचारतात, म्हणून तो अनुभव येथे नोंदवत आहे.

नमुने दोन होते. पहिला पीबीआर३२२ हा बाजारात मिळणारा प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूत आढळणारा डीएनएचा छोटा वर्तुळाकार रेणू. त्यात ४३६१ बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या, असतात आणि त्यांचा क्रम पूर्णपणे ज्ञात आहे. दुसरा प्लाझ्मिड तुरीच्या शेतातील मातीतून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूतला होता आणि त्याचा आकार आम्हाला ठाऊक नव्हता. संस्थेच्या सूचनेप्रमाणे दोन्ही नळ्या थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवून एसटीने नेल्या. बर्फाचे वर्ध्याच्या आधीच पाणी झाले, पण नमुन्यांना काही झाले नाही. ईडीटीए हे रसायन घातलेल्या बफरमध्ये, म्हणजे नमुन्याच्या द्रावणात, डीएनए तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) लागणारे मॅग्नेशियम बांधले जाते, त्यामुळे शुद्ध डीएनए दिवसभराचा उन्हाळा सहज सोसतो. बर्फाची ही सक्ती सूचनापत्रकातून काढली तर लांबून येणाऱ्यांचा एक त्रास कमी होईल.

विद्यार्थ्यांची अपेक्षा अशी होती की, पाठ्यपुस्तकातला पीळ पडद्यावर दिसेल. नमुने स्वीकारणाऱ्या तंत्रज्ञ मॅडमनी ती तेथेच मोडून काढली. "सर, पीळ नाही दिसणार, नुसता दोरा दिसेल. पण तो मोजता येईल," असे त्या म्हणाल्या. पैसे भरण्यापूर्वी ग्राहकाला इतके स्पष्ट सांगणारी सेवा विरळाच, आणि त्यांचे म्हणणे खरेही होते. डीएनएचा रेणू सुमारे २ नॅनोमीटर जाड असतो आणि त्याचा एक वेढा साधारण ३.४ नॅनोमीटरचा. यंत्राची क्षमता याहून सूक्ष्म तपशील टिपण्याची असते, तरीही कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस यांसारखे हलके अणू इलेक्ट्रॉनांना फारसे अडवत नसल्याने उघडा डीएनए कार्बनच्या पातळ पडद्यावर जवळजवळ अदृश्य राहतो, आणि इलेक्ट्रॉनांची शलाका तीव्र केली तर रेणूच तुटू लागतो. पिळाचा पुरावा मुळात मिळाला तो क्ष-किरणांच्या विवर्तनातून, म्हणजे रेणूंवरून विखुरलेल्या किरणांच्या नक्षीतून. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतील १९५२ चे प्रसिद्ध छायाचित्र हे सूक्ष्मदर्शकातून काढलेले नाही, हे आमच्या निम्म्या वर्गाला त्या दिवशी प्रथम कळले. डीएनएच्या ताणून धरलेल्या धाग्यातील पीळ इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने थेट टिपल्याचे एन्झो दि फॅब्रिझिओ यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले. तो एकटा रेणू नव्हता, अनेक रेणूंची जुडी होती, आणि तशी तयारी शुल्क भरून मिळणाऱ्या सेवेत अपेक्षित धरू नये.

या सेवेचा खरा कस लागतो तो नमुना तयार करण्यात. येथे क्लाइनश्मिट आणि झान यांनी १९५९ मध्ये मांडलेली पद्धत अजून हाताने केली जाते आणि आम्हाला ती पाहू दिली, याचे विशेष कौतुक वाटते. डीएनएमध्ये सायटोक्रोम सी हे प्रथिन मिसळून ते मिश्रण काचेच्या तिरप्या पट्टीवरून पाण्याच्या पृष्ठभागावर हळूच सोडतात. प्रथिनाचा एकपदरी थर दुधावर साय धरावी तसा पसरतो, आणि एरवी गुंता होऊन पडणारा डीएनए त्या थरात अडकून मोकळा होतो. मग सुमारे ३ मिलिमीटर व्यासाची तांब्याची जाळी, म्हणजे ग्रिड, त्या सायीला अलगद टेकवून उचलतात, युरेनिल ॲसिटेटने रंगवतात आणि निर्वातात अगदी कमी कोनातून प्लॅटिनमची वाफ सोडतात. मावळतीच्या उन्हात धुऱ्यावरच्या बारीक गवताचीही लांब सावली पडते, तसाच हा प्रकार आहे. फक्त ग्रिड फिरते ठेवल्यामुळे धातू चहूबाजूंनी बसतो. प्रथिन आणि धातू यांच्या लेपामुळे रेणू मूळ जाडीच्या कित्येक पट जाड दिसतो. जाडीचे मोजमाप त्यामुळे निरर्थक ठरते, लांबीचे मात्र बऱ्यापैकी टिकते.

पहिल्या ग्रिडवर बहुतेक प्लाझ्मिड सुतळीला जास्त पीळ बसून ती स्वतःभोवतीच गुंडाळली जावी तसे दिसत होते. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकाला खाच पडून सैल झालेली वर्तुळेच मोजण्यास योग्य असतात. मॅडमनी स्वतःहून दोन्ही प्लाझ्मिड एकाच थेंबात मिसळून तिसरे ग्रिड केले आणि त्याचे केवळ सामानापुरते पैसे घेतले. यंत्राच्या वर्धनात काही चूक असली तरी ज्ञात रेणू शेजारीच असल्याने ती आपोआप कटते. विद्यार्थ्यांनी चित्रे मोठी छापून शिवणकामाचा दोरा वर्तुळांवर बसवून मोजला. संगणकावरही मोजता आले असते, पण कापसाच्या मुलखातल्या मुलांना दोराच जवळचा वाटला. एका बेसजोडीला ०.३४ नॅनोमीटर या हिशेबाने पीबीआर३२२ ची लांबी १.४८ मायक्रोमीटर यायला हवी होती. आमची सरासरी १.४४ आली. अज्ञात प्लाझ्मिड २.९ मायक्रोमीटर भरला, म्हणजे त्याच प्रमाणात सुमारे ८८०० बेसजोड्या. विकराने एका जागी कापून ॲगरोज जेलवर, म्हणजे डीएनए लांबीनुसार वेगळा करणाऱ्या जेलीवर, चालवल्यावरही तो आठ आणि नऊ हजारांच्या मध्येच उतरला.

तक्रारी आहेतच. ठरलेली तारीख तीनदा बदलली आणि त्यातल्या एकदा आम्ही बसस्थानकावर पोहोचल्यावर फोन आला. चित्रे प्रथम मोबाइलवर आकार कमी करून पाठवली गेली, त्यांतील निम्म्यांवर मापपट्टीच नव्हती. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मिळवण्यासाठी पुन्हा नागपूरची फेरी झाली. अर्जाचा नमुना इंग्रजीत असून त्यात स्कॅनिंग (नमुन्याचा पृष्ठभाग दाखवणारे) आणि ट्रान्समिशन (आरपार पाहणारे) हे पर्याय काहीही न समजावता शेजारी शेजारी छापले आहेत. आम्ही आधी चुकीच्या चौकोनात खूण केली होती, आणि ती तशीच राहती तर हाती काहीही आले नसते. दोन नमुन्यांचे मिळून सुमारे सहा हजार रुपये लागले. हे शुल्क मला वाजवी वाटते, पण प्रवासखर्च धरला तर आमच्यासारख्या महाविद्यालयाला वर्षातून एकदाच परवडेल.

रेणूची लांबी, तो वर्तुळाकार आहे की सरळ, दोन रेणू कोठे जुळतात आणि कोठे जुळत नाहीत, असा प्रश्न घेऊन जाणाऱ्याने ही सेवा अवश्य घ्यावी. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना १९७७ मध्ये खंडित जनुकांचा, म्हणजे ज्यांच्या मधले काही भाग अंतिम आरएनएत नसतात अशा जनुकांचा, शोध लागला तो अशाच चित्रांतून. आरएनएशी न जुळलेले डीएनएचे तुकडे फासासारखे बाहेर आलेले त्यांत दिसले होते. आमचा पुढचा नमुना नोव्हेंबरमध्ये जाईल. या वेळी खूण योग्य चौकोनात केली आहे आणि पेन ड्राइव्ह नळ्यांच्या सोबतच डब्यात ठेवला आहे.