खणांचं खोकं उत्तम, कागद मात्र तुटपुंजा

घर बदलताना काच आणि चिनी मातीची भांडी बांधायला तयार संच मिळतात. त्यात पाच प्लायचं उंच खोकं, आत बसणारे खणांचे पुठ्ठे, फोमच्या पातळ पिशव्या, बबल रॅपची गुंडाळी, थोडा कोरा कागद आणि टेप असते. खोक्यासाठी आणि खणांसाठी असा संच जरूर घ्यावा. पण भांडी खरी वाचवतो कागद, आणि तोच यात अपुरा असतो.

आधी खोकं. 18 इंच लांब, 18 इंच रुंद आणि 28 इंच उंच हे माप सोयीचं. पाच प्लाय म्हणजे तीन सपाट थर आणि त्यांच्यामध्ये दोन नागमोडी थर. तीन प्लायच्या खोक्यात नागमोडी थर एकच असतो, त्यामुळे बशांसाठी ते घेऊच नये. वरचा भार मुख्यतः चार कोपऱ्यांच्या उभ्या कडा पेलतात. एकावर एक रचताना कोपऱ्यावर कोपरा आला नाही, तर खालच्या खोक्याच्या भिंती फुगतात. पुठ्ठा ओलसर झाला की त्याची ताकद फार घटते. जुनं, दमट जागेत पडलेलं खोकं वरून धड दिसलं तरी काचेसाठी वापरू नये. भरलेल्या खोक्याचं वजन 20 किलोच्या आत ठेवावं.

बुडाच्या सांध्यावर 48 मिलिमीटर रुंदीच्या टेपच्या दोन-तीन पट्ट्या लांबीने, आणि दोन्ही टोकांना एकेक आडवी. एकाच पट्टीवर सोडलेलं बूड उचलताना उघडतं.

खण हा या संचाचा सगळ्यात चांगला भाग, पण माप जुळलं तरच. पुठ्ठ्याची उंची पेल्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर जास्तच हवी. पेला खणाबाहेर डोकावत असेल, तर वरच्या थराचं सगळं वजन त्याच्या काठावर येतं आणि काठ हीच त्याची सगळ्यात कमकुवत जागा. खण उंच असेल तर तो भार पुठ्ठा घेतो. खण फार रुंद असेल तर पेला आत हलतो, म्हणून चारही बाजूंनी कागद कोंबावा. पेले उभेच ठेवावेत, आडवे कधीही नाहीत. दांड्याच्या ग्लासांत आधी दांड्याभोवती कागद इतका गुंडाळावा की दांडा ग्लासच्या वरच्या वाटीइतका जाड होईल, मग पूर्ण ग्लास गुंडाळावा.

बशा खणांत घालू नयेत, खोक्याच्या तळाशी कडेवर उभ्या लावाव्यात. चिनी माती दाब पुष्कळ सोसते, ताण सोसत नाही. आडव्या चळतीत वरच्या सगळ्या बशांचं वजन खालच्या बशीवर पडतं. खाली आधार फक्त बुडाच्या कडीचा, त्यामुळे मधला भाग वाकू पाहतो आणि गाडीच्या एका गचक्यात तडा जातो. उभ्या बशीत हाच भार कडेने सरळ खाली उतरतो. प्रत्येक बशीला दोन कागद, मग चार-पाच बशांचा एक गठ्ठा पुन्हा एका कागदात. तळाला आणि माथ्याला कागदाच्या बोळ्यांचा आठ-दहा सेंटिमीटरचा थर हवा. एक डझन बशांना 24 कागद लागतात. गठ्ठे आणि बोळे धरले तर एका खोक्याला 50 कागद सहज जातात, तेव्हा कोरा न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा न छापलेला कागद, वेगळा घ्यावाच. छापील वर्तमानपत्र चालतं, पण शाई भांड्याला लागते आणि पुन्हा सगळं घासत बसावं लागतं.

फोमच्या पिशव्यांवर भिस्त ठेवू नये. त्या ओरखडे थांबवतात, आदळआपट नाही. शिवाय फोम गुळगुळीत, त्यामुळे बशा एकमेकींवरून घसरतात. चुरगळलेला कागद त्यांना धरून ठेवतो. कपांनाही त्या अपुऱ्या पडतात, कारण कान बाहेरच राहतो. कानात आधी कागदाची गुंडाळी घालावी, मग कप गुंडाळावा. किटलीच्या तोटीलाही हेच, आणि झाकण वेगळं बांधावं.

बबल रॅप मोठ्या काचेच्या भांड्यांना छान, फुगे आतल्या बाजूला. सामान महिनोन्महिने बांधलेलंच राहणार असेल, तर भांड्याला आधी कागद लावावा, नाहीतर फुग्यांचे ठसे उठू शकतात. मायक्रोवेव्हची फिरती काच बाहेर काढून बशीसारखी उभी बांधावी. मिक्सरच्या काचेच्या भांड्याची पाती सुटी होत असतील तर काढून जाड पुठ्ठ्यात गुंडाळावीत. तवे, कढया यांना या खोक्यात जागा नाही.

बंद करण्याआधी खोकं हलकेच हलवून कान द्यावा. खळखळ आली तर उघडून पोकळी भरावी. झाकण आत दबत असेल तर माथा अजून रिकामा आहे.

काही संचांवर खणांची संख्या ठळक छापलेली असते आणि उंचीचा पत्ताच नसतो. असा संच घेऊ नये. पाच प्लायचं साधं खोकं घ्यावं, आपल्या सगळ्यात उंच पेल्याच्या मापाने पुठ्ठे कापून खण करावेत आणि वाचलेल्या पैशांचा कागद आणावा.